क्योतोत किमोनो भाड्याने: नेसवणारी बाई बघून दुकान निवडा

आधी निकाल सांगते, मग बाकीचं. जपानमध्ये क्योतोला जाणार असाल तर एक दिवस किमोनो भाड्याने घ्याच, पैसे वसूल होतात. पण दुकान निवडताना रंग, डिझाईन, इन्स्टाचे फोटो हे सगळं नंतर बघा, आधी बघा की नेसवतं कोण आणि किती वेळ देऊन नेसवतं. आम्ही गेलो ते हिगाशियामा भागातलं छोटं दुकान, गिओन म्हणजे गेइशांच्या जुन्या वस्तीपासून चालत जाता येतं, मायलेकी चालवतात, खाली किमोनो मांडलेले आणि वर माडीवर तातामीच्या (गवती चटयांच्या) दोन खोल्या नेसवायला. नाव लिहीत नाहीये कारण त्यांनीच सांगितलं की नेटवर टाकू नका, आहेत तेवढ्याच गिऱ्हाईकांना नीट वेळ देता येतो. पाचपैकी साडेचार देईन, अर्धा का कापला ते पुढे सांगते.

मी ओसाकात राहते, नवऱ्याच्या नोकरीमुळे. लेक सात वर्षांची, इथल्याच शाळेत जाते, आणि नोव्हेंबरात पुण्याहून आई आली होती. नोव्हेंबर मुद्दाम सांगतेय, कारण १५ नोव्हेंबरच्या आसपास इथे शिची-गो-सान असतं, म्हणजे तीन आणि सात वर्षांच्या मुली, पाच वर्षांचे मुलगे (तीन वर्षांचे पण काही ठिकाणी) यांना किमोनो नेसवून देवळात नेतात, हातात लांबट पिशवी असते त्यात काडीसारख्या गोळ्या. लेकीच्या वर्गातल्या मुली फोटो काढून आल्या आणि घरी एकच धोशा, मला पण. म्हटलं आई पण आहे, तिघींनी जाऊया.

आता भारतातून येणाऱ्या बऱ्याच जणांना वाटतं की ही भाड्याची दुकानं म्हणजे पर्यटकांसाठी काढलेला खेळ, आपल्याकडे थंड हवेच्या ठिकाणी काश्मिरी ड्रेस घालून फोटो काढतात तसं. गिओनमधल्या गर्दीत पर्यटकच जास्त दिसतात हे खरंय, पण जपानी लोक स्वतः किमोनो कधी नेसतात हे बघितलं तर त्यांचा पण बराचसा भाड्याचाच असतो. जानेवारीतल्या दुसऱ्या सोमवारी सज्ञान झालेल्यांचा समारंभ असतो, पूर्वी तो १५ जानेवारीला असायचा, २००० पासून सोमवारी केला. त्या दिवशी स्टेशनवर वीस वर्षांच्या मुलींचे नुसते थवे असतात, लांब बाह्यांचा फुरिसोदे, गळ्यात पांढरी फर. सज्ञान व्हायचं वय २०२२ च्या एप्रिलपासून अठरा झालं, तरी बहुतेक गावांनी समारंभ विसाव्या वर्षीच ठेवला. हा फुरिसोदे विकत घ्यायचा तर कित्येक लाख येन, म्हणून खूप घरांत तो भाड्याने आणतात नाहीतर आईचाच नेसतात, आणि चांगला हवा असेल तर वर्षभर आधीपासून बुकिंग. मग मार्चमध्ये कॉलेजचा पदवीदान, तेव्हा मुली किमोनोवर हाकामा म्हणजे चुण्यांचा घागरा घालतात, मेइजी म्हणजे शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या काळातल्या शाळकरी मुलींचा पोशाख तो. मग लग्न. नवरी पांढऱ्यात, आणि नवरा-नवरीच्या आया काळ्या तोमेसोदेत, त्यावर पाच ठिकाणी घराण्याचं चिन्ह आणि नक्षी फक्त खालच्या काठाला. मयताला पूर्ण काळा किमोनो असतो, पण आता बहुतेक बायका काळा वेस्टर्न ड्रेसच घालतात.

झालं, साध्या नोकरदार बाईच्या आयुष्यात किमोनो एवढ्याच वेळा येतो. उन्हाळ्यातला युकाता वेगळा. तो सुती, एकपदरी, आतिषबाजी बघायला जाताना किंवा गिओन मात्सुरी या उत्सवाला, १७ जुलैला रथ निघतात त्याच्या आधीच्या संध्याकाळी तर अख्खं शहर युकातात असतं, मुलगे पण. तो तरुण पोरी दोनचार हजार येनला विकत घेतात आणि यूट्यूब बघून स्वतः नेसतात. रोज किंवा जवळपास रोज किमोनोत असणारे म्हणजे गेइको-माइको (क्योतोच्या गेइशा आणि शिकाऊ गेइशा), चहाच्या समारंभाच्या शिक्षिका, जुन्या र्‍योकानच्या (पारंपरिक लॉजच्या) मालकीणबाई, राकुगो म्हणजे विनोदी गोष्टी सांगणारे कलाकार, आणि सुमो पैलवान, त्यांना तर बाहेर पडताना पारंपरिक कपडेच घालावे लागतात, नियमच आहे. ओसाकाच्या ट्रेनमध्ये एखादा दिसला की लेक माझा हात ओढते.

तर दुकान. बुकिंग ऑनलाईन होतं, जपानी आणि मोडकं इंग्लिश दोन्ही. क्योतोत साधारण ३ ते ६ हजार येनमध्ये एका माणसाचं सगळं होतं, किमोनो, ओबी (कमरेचा रुंद पट्टा), आतले कपडे, मोजे, चपला, छोटी बटव्यासारखी पिशवी. केस बांधून हवे तर वेगळे पैसे. आमचं दुकान या रेंजच्या वरच्या टोकाला होतं, माणशी रुपयांत तीन-साडेतीन हजार धरा. गल्लीच्या तोंडावरच्या मोठ्या दुकानांत याच्या निम्म्यात होतं, पण तिकडे मैत्रिणीबरोबर मागे गेले होते तेव्हाचा अनुभव म्हणजे रांग, एका खोलीत दहा-बारा जणी उभ्या, किमोनो वरखाली दोन तुकड्यांत शिवलेला, ओबीची गाठ आधीच बांधलेली आणि मागे नुसती अडकवायची, दहा मिनिटांत बाहेर. फोटोत कळत नाही. पण अर्ध्या तासाने पुढचा भाग सुटायला लागतो, गळा पुढे येतो, आणि मग दिवसभर हाताने धरून चाला.

इथे नेसवणं हाच मुख्य कार्यक्रम. मालकीणबाई साठीच्या पुढच्या, त्यांनी आधी आईकडे नुसतं बघितलं, उंची, खांदे, पोट, आणि मग चार किमोनो काढून ठेवले, सगळे आईच्या वयाला शोभतील असे, राखाडी-जांभळा, चहाच्या पानाचा हिरवा. आईला खरं तर लाल हवा होता. बाईंनी नाही म्हटलं नाही, फक्त हिरव्यावर आतल्या गळ्याची पट्टी लालसर लावून दाखवली आणि आईचं समाधान झालं. हे असं मोठ्या दुकानात कोण करतं.

किमोनोचं कापड म्हणजे साधारण ३६-३८ सेंटीमीटर रुंद आणि बारा मीटर लांबीचा एकच पट्टा, तो सरळ रेषेत कापून जोडतात, कुठे गोलाई नाही, त्यामुळे काही वाया जात नाही आणि उसवलं तर परत पट्टाच होतो. पूर्वी धुवायचा म्हणजे उसवून धुवायचे आणि परत शिवायचे. मापाचा नसतोच, बाईच्या उंचीपेक्षा लांब असतो आणि कमरेशी दुमडून नाडीने बांधून अंगावरच माप बसवायचं. आईला हे एका मिनिटात कळलं, कारण साडी पण अशीच, अंगावर मापाची होते. मुलीच्या किमोनोला तर खांद्यावर आणि कमरेवर मोठ्या टिपा घातलेल्या होत्या, वाढली की सोडायच्या. आई लगेच म्हणाली, "अगं आम्ही परकराला अश्शाच टिपा घालायचो, दर वर्षी एक उसवायची." मी बाईंना भाषांतर करून सांगितलं तर त्या इतक्या खूश झाल्या की खालून स्वतःच्या लेकीला बोलावून परत सांगायला लावलं.

मग बांधाबांधी. आधी पातळ सुती कपडा, मग कमरेला टॉवेल गुंडाळतात, हो खरंच टॉवेल, कारण किमोनोला कमरेचा खळगा चालत नाही, अंग सरळ दिसायला हवं. मग जुबान म्हणजे आतला लांब झगा, त्याच्या गळ्यात कडक पट्टी सरकवतात, मागून मान मोकळी दिसेल एवढा गळा खाली ओढतात. मग किमोनो, डावी बाजू वर, हे कधीही उलटं नाही करायचं कारण उजवी वर फक्त मेलेल्या माणसाला करतात. एकेक नाडी, त्यावर रुंद पट्टी, मग ओबी, ओबीच्या आत पुढून एक पातळ फळी म्हणजे घडी पडू नये, मागे छोटी उशी, तिच्यावर चौकोनी गाठ, आणि सगळ्यावरून एक रेशमी दोरी. आईची मंगळसूत्राची वाटी त्यांनी स्वतः हळूच आत सरकवली, काढा म्हणाल्या नाहीत. प्रत्येकीला पाऊण तास. घट्ट वाटतं पण टोचत नाही, श्वास घेता येतो, पाठ आपोआप ताठ होते. दिवसभरात एकदाही काही सुटलं नाही, आणि आम्ही कियोमिझू देवळाचा चढ चढून सान्नेन्झाकाच्या दगडी पायऱ्या उतरून आलो होतो.

आईने मला विचारायला लावलं की एवढं सगळं रोज करून बायका स्वयंपाक कधी करायच्या. उत्तर मला फार आवडलं. बाई म्हणाल्या, माझी आजी रोज नेसायची पण असं नाही. मऊ जुनं कापड, नाड्या सैल, अरुंद ओबी, बाह्या मागे दोरीने बांधून टाकायच्या आणि वरून बाह्यांचा पांढरा एप्रन, पाच मिनिटांचं काम. हा टॉवेल, फळी, उशीचा प्रकार म्हणजे समारंभाची पद्धत, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर घरात शिकवणारं कोणी उरलं नाही तेव्हा नेसायला शिकवणाऱ्या शाळा निघाल्या, त्यांनी हीच पद्धत पक्की केली. म्हणजे बघा, सरकारी समारंभात पाश्चात्य कपडे घालायचा हुकूम १८७२ चा, त्यानंतर फौज, पोलीस, रेल्वे, ऑफिसं, पुरुष आधी बदलले, बायका बऱ्याच नंतर. आणि किमोनो रोजच्या वापरातून जसजसा गेला तसतसा तो जास्त कडक, जास्त महाग, जास्त नियमांचा झाला, आता स्वतःचा स्वतः नेसता येणाऱ्या बायका थोड्या आणि समारंभाला नेसवून घेणाऱ्याच जास्त.

मला लगेच माझी पणजी आठवली. नऊवारीत विहिरीचं पाणी काढायची, शेतात जायची, तिला कोणी "काष्टा नीट बसलाय का" विचारलं नसेल. आता पाडव्याच्या शोभायात्रेला आम्ही नेसतो ती नऊवारी शिवलेली, चेन लावलेली, जरीची, आणि न शिवलेली नेसायची तर नेसवणारी बाई बोलवायला लागते, तिचे वेगळे पैसे, गुढीपाडव्याच्या पहाटे तिच्या मागे दहा घरं. डोंबिवलीत १९९९ साली नववर्ष स्वागतयात्रा सुरू झाली तेव्हापासून गावोगावी हा नऊवारीचा एक दिवस पक्का झाला, ते चांगलंच झालं, मला तो दिवस मनापासून आवडतो, बुलेटवर नऊवारीतल्या बायका बघून अजून अंगावर काटा येतो. पण नेसवणाऱ्या बायका आहेत तोवरच हे आहे. म्हणून म्हणतेय की दुकानाला पैसे देता ते या हातांचे द्या.

बाकी देशांत पण दोन टोकं दिसतात. भूतानमध्ये पुरुषांना घो आणि बायकांना किरा हा पारंपरिक पोशाख सरकारी ऑफिसात, शाळेत, झोंगमध्ये (किल्लेवजा मठ-कचेऱ्यांत) घालावाच लागतो, त्यामुळे तिथला शाळकरी मुलगा सकाळी झोपेत पण घो बांधू शकतो. म्यानमारमध्ये लोंजी, म्हणजे लुंगीच, तर बस कंडक्टरपासून ऑफिसरपर्यंत सगळ्यांची रोजची. दुसरीकडे नॉर्वे, तिथे १७ मे ला राष्ट्रीय दिवशी सगळा देश बुनाद या पारंपरिक पोशाखात, आणि मग लग्न-बारशाला. तो मुली वयाच्या पंधराव्या वर्षाच्या आसपास घेतात, कितीही महाग असला तरी, आणि आयुष्यभर वापरतात. स्कॉटलंडमध्ये लग्नाचा किल्ट सर्रास भाड्याने. सोलमध्ये हानबोक हा कोरियन पोशाख नेसून गेलात तर ग्योंगबोकगुंग राजवाड्याला तिकीटच नाही, त्यामुळे आजूबाजूला भाड्याची दुकानंच दुकानं, मैत्रीण जाऊन आली, ती म्हणाली वरून बांधायचा घेरदार स्कर्ट आणि छोटं जाकीट, लगेच होतं, चालायला पण सोपा. किमोनोत तसं नाही. पावलं छोटी पडतात, पर्याय नाही, आणि ते शिकायला अर्धा तास जातो.

आता अर्धा स्टार का कापला. चपला. झोरी नावाच्या सपाट चपला असतात, मापं आपल्या पायाला अपुरी, माझा पाय रुंद आहे आणि दुपारनंतर अंगठ्याच्या बेचक्यात दुखायला लागलं. बाईंनी सांगितलं की टाच थोडी बाहेर असणं हीच पद्धत, ते खरंच आहे, सगळ्या जपानी बायकांची टाच बाहेर दिसते, पण रुंद पायाला दोन जोड जास्त ठेवायला काय हरकत आहे. आणि परत करायची वेळ पाच म्हणजे पाच. नोव्हेंबरात पाचला अंधारच होतो म्हणून तसं नुकसान नाही, पण देवळांमध्ये रात्री मेपलवर दिवे सोडतात ते किमोनोत बघायचं राहून गेलं. काही दुकानं थोडे पैसे घेऊन दुसऱ्या दिवशी सकाळी परत घेतात, यांच्याकडे नाही, त्यांना रात्री सगळं हवेवर टांगायचं असतं.

रस्त्यावर लोक कसे बघतात हे बऱ्याच जणी विचारतात. आम्हाला तर कौतुकच मिळालं. यासाका देवळात एक आजी थांबल्या, लेकीची ओबीची दोरी नीट केली, शिची-गो-सान का विचारलं, हो म्हटल्यावर तिला नमस्कार कसा करायचा दाखवला. दोनदा वाकायचं, दोनदा टाळी, परत एकदा वाकायचं. आईला "हिरवा छान दिसतोय" म्हणून गेल्या. परक्याने आपला कपडा नीट नेसलेला बघून कोणाला आनंद होणार नाही, आपल्याकडे एखादी जपानी सून साडीत दिसली तर आपण काय करतो. फक्त गिओनमध्ये एक पाळा, खासगी गल्ल्या २०२४ पासून पर्यटकांना बंद आहेत, पाट्या आहेत, दहा हजार येन दंड लिहिलाय, आणि कामावर निघालेल्या माइकोच्या मागे फोनचा कॅमेरा घेऊन धावू नका. त्या मुलींचा तो रोजचा कामाचा कपडा आहे.

उपयोगाच्या गोष्टी. आत गोल किंवा व्ही गळ्याचा पातळ बनियन घाला, कॉलरचं काही नको. थंडीत लेगिंग चालतं, वरून दिसत नाही. बाथरूमला जाताना एकेक थर उचलून वरच्या पट्टीत खोचायचा, बाई जाताना शिकवतात, लाजू नका, विचारा. जेवण हलकं, पोटावर फळी आहे हे लक्षात ठेवा, आम्ही दुपारी सोबा नूडल्स खाल्ल्या, आईने फक्त मोची म्हणजे तांदळाची मऊ मिठाई आणि माच्चा म्हणजे हिरवा चहा (शाकाहारी असाल तर सोबाच्या रस्स्यात मासा असतो, विचारून घ्या). काही दुकानं, टॅक्सीवाले आणि देवळं किमोनोत आलेल्यांना सवलत देतात, दुकानात विचारा. भाड्याचे किमोनो बहुतेक ठिकाणी पॉलिएस्टरचे असतात, धुता येतात म्हणून. यांच्याकडे थोडे पैसे जास्त भरले की जुने रेशमी मिळतात आणि ओबी निशिजिनची विणलेली, माझी तशी होती. निशिजिन म्हणजे क्योतोचा विणकरांचा भाग, १८७० च्या दशकात त्यांनी फ्रान्सला माणसं पाठवून जॅकार्ड माग आणले आणि धंदा वाचवला. रेशमात आणि पॉलिएस्टरमध्ये फरक हात लावताच कळतो आणि चालताना तर आवाजातच कळतो, जमत असेल तर रेशमीच घ्या.

नोव्हेंबर आणि मार्च-एप्रिलसाठी महिनाभर आधी बुक करा, लहान मुलगी असेल तर आणखी आधी, कारण सात वर्षांच्या मुलींचे किमोनो शनिवार-रविवारी संपतात. जुलै-ऑगस्टमध्ये येत असाल तर किमोनोच्या भानगडीत पडू नका, युकाता घ्या, क्योतोचा उन्हाळा आपल्या मे महिन्यापेक्षा दमट असतो. आम्ही परत जाणार आहोत फेब्रुवारीत, २५ तारखेला कितानो तेनमांगू देवळात प्लमच्या फुलांचा उत्सव असतो, गेइको-माइको उघड्यावर चहा करून देतात, आणि दर महिन्याच्या २५ ला तिथे जुना बाजार पण भरतो, तसाच २१ ला तोजी देवळात. या बाजारांत जुने रेशमी किमोनो अगदी हजार-दोन हजार येनला मिळतात. घेतलात तर लांबी आणि बाही अंगाला लावून बघा, जुन्या काळच्या बायका बुटक्या होत्या, आणि काखेत शिवण उसवलीय का ते उजेडात धरून बघा.